ग्रेडरसाहेबांची पाव्हणी

ग्रेडरसाहेब सोमवारी सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात वारले. दुपारी त्यांना सिंदीला आणलं. संध्याकाळी घाटावर नेलं. त्या दिवशी मी वाचनालय उघडलं नाही.

घाटावर शोकसभा झाली. आमच्या भागात ती होतेच. चिता पेटली की लोक टिनाच्या शेडखाली बसतात आणि एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. कवटी फुटेपर्यंत घरी जाता येत नाही, आणि तेवढा वेळ गप्प बसणं आमच्या लोकांच्या स्वभावात नाही, म्हणून ही पद्धत पडली असावी. वक्ते ठरलेले असतात, शब्दही ठरलेले असतात. मेलेला माणूस आधारवड असतो, अजातशत्रू असतो आणि शेवटी हटकून दीपस्तंभ असतो. त्याच्या जाण्याने पोकळी निर्माण होते, ती भरून निघत नाही. मग दोन मिनिटांचं मौन, जे अर्ध्यातच संपतं, आणि लोक चपला शोधू लागतात.

ग्रेडरसाहेबांना या प्रकाराचा जितका तिटकारा होता तितका दुसऱ्या कशाचाही नव्हता, आणि तिटकारा तर त्यांना बहुतेक सगळ्याच गोष्टींचा होता.

“आपल्या जिल्ह्यात समुद्र हाये कुठी?” ते विचारत. “समुद्रपूरच्या नावात हाये तेवढाच. अन् माणूस मेला का दीपस्तंभ! जहाजं येऊन राह्यली काय सिंदी स्टेशनवर?”

त्यांचं आडनाव झाडे होतं, पण ते विजेच्या बिलाशिवाय कुठे वापरात नव्हतं. सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर झाली, तीही ग्रेडर म्हणून. हंगामात जिनिंग कारखान्याच्या आवारात बैलबंड्यांची रांग लागते. बंडीत वर पांढरा स्वच्छ कापूस असतो. खाली कवडी असते, म्हणजे किडका, पिवळा पडलेला माल. नाहीतर फरदड असते, म्हणजे हंगाम संपल्यावर झाडावर उरलेला दरिद्री कापूस. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे वरच्या कापसाकडे पाहत उभे असतात. ग्रेडर बंडीवर चढतो, खांद्यापर्यंत हात आत घालतो आणि तळातून मूठभर माल काढतो. दोन अंगठ्यांत धरून ताणतो, धाग्याची लांबी पाहतो आणि एक शब्द बोलतो. त्या एका शब्दावर एका घराचं वर्ष ठरतं.

साहेब तो शब्द कोणासाठी बदलत नसत. आता लोक म्हणतात की त्यांचा त्यासाठी लौकिक होता. मला आठवतं त्याप्रमाणे शिव्या होत्या. लौकिक निवृत्तीनंतर झाला, जेव्हा त्यांच्या शब्दाने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. प्रामाणिक माणूस आपल्याला आवडतो, पण आपली बंडी रिकामी झाल्यावर.

निवृत्त झाले तरी हात तळाशी जाण्याची सवय गेली नाही. मंगळवारच्या बाजारात ते वांग्यांच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालत आणि भाजीवाल्या बाया त्यांना पाहिलं की टोपलीवर पदर टाकत. वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते बरोबर मधोमध उघडत, उभ्याउभ्या एक परिच्छेद वाचत आणि टेबलावर टाकत. “फरदड.” मुखपृष्ठ, प्रस्तावना, मान्यवरांचे अभिप्राय हा सगळा त्यांच्या लेखी बंडीतला वरचा कापूस होता. वर्षाकाठी एखादं पुस्तक ते काही न बोलता काखेत मारून घरी नेत. तेवढ्यावर मी वर्षभर खूश असे.

मला ते नावाने हाक मारत नसत. मी वाचनालयाचा ग्रंथपाल, म्हणून मी वाचनालय. “काय वाचनालय, जेवण झालं?” पोस्टमनला ते पोस्टाफिस म्हणत आणि दुधवाल्याला डेअरी. माणसाचं नाव त्याच्या बापाने ठेवलेलं असतं, त्यात त्याचं स्वतःचं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्यात एक मोठी खोट होती आणि ती अख्ख्या सिंदीला ठाऊक होती. त्यांना रस्ते कळत नसत. पुष्कळांना कळत नाहीत, पण साहेबांचं प्रकरण वेगळं होतं. दुकानातून बाहेर पडताना ते हमखास उलट्या बाजूला वळत. ज्या गावात आयुष्य काढलं तिथे स्टेशनवरून घरी येताना त्यांना कधीकधी जिनिंगची मागची भिंत लागे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणत, “हे एका पानठेल्यावर जातो म्हणून जातात अन् दुसऱ्याच पानठेल्यावरून येतात. लग्नात सात फेरे उलटे घेतले नाईत हेच नशीब, तेबी मी पुढे व्हती म्हणून.”

न कळण्याचं काही नाही, माणूस विचारू शकतो. साहेब विचारत नसत. कोणालाही, कधीही. याला लोक घमेंड म्हणत आणि ती घमेंड होतीच, पण तिला एक मूळ होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षात ते एका गावी निघाले आणि चुकले. एका शेतकऱ्याने त्यांना आपल्या सायकलवर बसवून गावापर्यंत सोडलं, घरी नेऊन चहाही पाजला. आठ दिवसांनी त्याची बंडी केंद्रावर आली. साहेबांनी हात घातला तर तळाला कवडी. शेतकरी हसून म्हणाला, “साहेब, रस्ता दाखवला व्हता तुमाले.”

“मंग काय केलं?” मी विचारलं होतं.

“काय कराचं? कवडीच लिहिली. पण दोन दिवस जेवण गेलं नाई. त्या दिवशी ठरवलं. ज्याच्याकडे कापूस हाये त्याले रस्ता विचाराचा नाई. अन् आपल्या जिल्ह्यात कापूस कोणाकडे नाई?”

नोकरी संपली तरी हा नियम संपला नाही. नियम पाळून पाळून हाडात गेला होता.

शोकसभेत बोलायला ते निवृत्तीनंतर लागले, तेही अपघाताने. एका जिनिंग मालकाच्या चितेपाशी कोणीतरी म्हणालं, ग्रेडरसाहेब, दोन शब्द बोला. साहेब उठले. बहुधा बंडीच्या सवयीने त्यांनी तळातून सुरुवात केली. “हा माणूस वजनकाट्यात मारत होता,” ते म्हणाले. “पण मजूर मशिनीत सापडला तवा साला स्वतः त्याले उचलून नागपूरले घेऊन गेलता, अन् मजुराच्या आधी स्वतः रडला.” आणि खाली बसले. मालकाचा मुलगा आधी लाल झाला. नंतर घाटावरच साहेबांच्या खांद्यावर डोकं ठेवून तो जितका रडला, तितका आधीच्या आधारवडांवर आणि दीपस्तंभांवर रडला नव्हता.

तेव्हापासून दोन वाक्यांची रीत पडली. पहिले कवडी, मग धागा. तिसरं वाक्य नाही. लोकांना ते नको असायचं आणि हवंही असायचं. घरात मयत झाली की बायका हळूच विचारत, ग्रेडरसाहेब येऊन राह्यले का? विचारण्यात भीती असे. पण साहेब आले नाहीत तर घरच्यांना वाटे, आपला माणूस ग्रेडिंगविनाच गेला.

आणि साहेबांना पोहोचायचंच असे. वर्ध्याचे एक निवृत्त प्राध्यापक जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या घाटांवर बोलत. आधारवड त्यांचाच आणि पोकळीही त्यांचीच. आपण पोहोचलो नाही तर त्या माणसाबद्दल जगात शेवटचं जे बोललं जाईल ते खोटं असेल, या विचाराने साहेबांच्या जिवाची तगमग होई. मी हे अलंकारिक म्हणत नाही. मी त्यांच्या शेजारी गाडीत बसलेला असे आणि त्यांचा गुडघा हलताना पाहत असे.

ते उशिरा पोहोचत. पांढरी जुनी गाडी घेऊन निघायचे आणि भलत्याच फाट्याला वळायचे. केंद्रावरच्या काटेवाल्याची मयत झाली, तेव्हा आम्ही पोहोचलो तर घाटावर राख आणि एक कुत्रं होतं. काटेवाला म्हणजे त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र, ज्याच्याशी त्यांचं वीस वर्षं भांडण होतं. प्राध्यापक त्याला अजातशत्रू म्हणून गेले होते.

“अजातशत्रू?” साहेब राखेकडे पाहून म्हणाले. “मंग माह्यासंग वीस वर्सं काय करून राह्यला होता तो?”

पुढच्या महिन्यात पुण्याच्या जावयाने पाठवलेली पाव्हणी आली.

पाव्हणी म्हणजे गाडीत रस्ता सांगणारं यंत्र. फोनमध्ये ही सोय असतेच, पण साहेबांचा फोन बटणांचा होता आणि तो बदलणं त्यांना अपमान वाटे. म्हणून जावयाने वेगळं यंत्र पाठवलं, काचेला रबरी वाटीने चिकटणारं. त्यात एक बाई हिंदीत बोलत असे. परगावची, परभाषेची, इथलं काही ठाऊक नसलेली आणि तरी सगळं सांगणारी, म्हणून ती पाव्हणी.

मला वाटलं, हे यंत्र साहेब दोन दिवसांत नालीत फेकतील. त्यांनी तिला जिवाभावाचं करून घेतलं. माणसांची हेटाळणी करता करता म्हातारा झालेला माणूस एका डबीशी इतक्या आदबीने बोलताना मी दुसरा पाहिला नाही.

“आगे जाकर बाएँ मुड़ें,” पाव्हणी म्हणे.

“हो माय, मुडतो,” साहेब म्हणत आणि उजवीकडे वळत. पाव्हणी क्षणभर गप्प होई, मग म्हणे की नया मार्ग खोजा जा रहा है.

“पाहा वाचनालय, चिडत नाई. सांगतलं व्हतं का नाई, असं म्हणत नाई. तुमच्या काकूनं आतापर्यंत गाडीतून उतरून देल्लं असतं.”

“पण साहेब, तिला तरी तुम्ही विचारताच की.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बंडीत ओला कापूस आणला होता.

“पाव्हणीले कापूस नाई,” ते म्हणाले.

रबरी वाटी आठवडाभरात निकामी झाली आणि यंत्र मांडीवर धरून बसण्याचं काम माझ्याकडे आलं. वाचनालयात तशीही गर्दी नसे. आमच्या गावात वाचनालयाचा मुख्य उपयोग पंखा म्हणून होतो.

पाव्हणी मूर्ख होती, हे मी स्वच्छ सांगतो. जमिनीवर जे आहे त्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तिच्या नकाशात ठिपका असे आणि ठिपक्याजवळ आली की ती हात झटकून मोकळी होई. समुद्रपूरच्या अलीकडच्या एका गावी मोठ्या कास्तकाराची मयत होती. पावसाळा नुकताच संपला होता. पाव्हणीने आम्हाला तुरीच्या शेतांमधून फिरवत फिरवत नदीकाठी आणलं आणि जाहीर केलं, “मंजिल आ गई है.” खोटं नव्हतं. समोर चिता जळत होती आणि शेडखाली माणसं बसली होती, पण नदीच्या त्या काठाला. मध्ये छातीभर पाणी होतं.

प्राध्यापक बोलत होते. हातवाऱ्यांवरून मला कळलं की आधारवड झाला असून पोकळी सुरू आहे. पुलाला वळसा घालून जायचं तर सभा संपली असती. साहेब गाडीतून उतरले, काठावरच्या दगडावर चढले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “यानं भावाची विहीर बुजवली!”

पलीकडची सगळी माथी वळली.

“काऽऽय?” कोणीतरी ओरडलं.

“विहीर! भावाची! बुजवली!”

“ऐकू नाई येऊन राह्यलं जी!”

“विही ऽ ऽ र!”

तेव्हा शेडखालून पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा उठला, पाण्याच्या काठापर्यंत आला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाला, “माही विहीर बुजवली म्हणून राह्यले ते. बरोबर हाये.” तो भाऊ होता.

“पण शाळेले जागा यानंच देल्ली,” साहेबांनी दुसरं वाक्य टाकलं, “अन् स्वतःचं नाव लावू देल्लं नाई!”

हे वाक्य सगळ्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. भाऊ तिथेच खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. प्राध्यापकांचा हात पोकळीच्या मध्यावर तसाच राहिला होता.

परत येताना साहेब आनंदात होते. “कवडी तीनदा सांगा लागते,” ते म्हणाले, “धागा एकदाच. असंच असते.” पाव्हणीने त्यांना दोनदा यू टर्न घ्यायला सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला आणि आम्ही अंधार पडता पडता हिंगणघाटला पोहोचलो. तिथे आमचं काही काम नव्हतं.

पुढच्या वर्षी श्रावणात एका मयतीला जाताना पाव्हणीने आम्हाला पांदणीत घातलं. पांदण म्हणजे दोन शेतांमधली बंडीची वाट. नकाशावर ती रेघ असते आणि पाव्हणीला रेघ म्हणजे रस्ता. काळ्या मातीने चारही चाकं पोटात घेतली. साहेब स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत बसले. शंभर पावलांवर एक माणूस बैल चारत होता.

“त्याला हाक मारतो,” मी म्हणालो.

“काही गरज नाई.”

“मग काय करायचं?”

“बसाचं.”

आम्ही बसलो. पाव्हणी मधूनमधून सीधे चलें म्हणत होती. शेवटी तो माणूस आपणच आला, वाकून काचेतून आत बघितलं आणि हसला.

“ग्रेडरसाहेब! वळखलं का? मी नामदेव. माह्या कापसाले फरदड म्हणलं व्हतं तुमी. अख्ख्या रांगेसमोर.”

“व्हता तो फरदड,” साहेब समोर बघतच म्हणाले.

“व्हताच तं! म्यां कुठी नाई म्हणलं? त्या वक्ती बायकोनं तीन दिवस मले जेवाले देल्लं नाई तेवढं सोडा. रस्ता विचाराचा व्हता जी कोणाले. इकडून तं आमची बकरीबी जात नाई.”

नामदेव म्हणाला, बैल लावतो. साहेब म्हणाले, नको. मला त्या क्षणी त्यांचा खरोखर संताप आला. पंचक्रोशीतला एक माणूस चितेवर जळतोय, आपण चिखलात बसलोय, आणि हा गृहस्थ पन्नास वर्षांपूर्वीच्या चहाचा हिशेब पाळतोय. नामदेव मात्र चिडला नाही. त्याने एकदा वळून आपल्या शेताकडे पाहिलं. मग त्याला काहीतरी उमगलं असावं.

“साहेब,” तो म्हणाला, “म्यां कापूस सोडला. चार वर्सं झाले. सोयाबीन पेरून राह्यलो.”

साहेबांनी प्रथमच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“पूर्ण सोडला?”

“एक झाड नाई वावरात. पाहून घ्या.”

“मंग लाव बैल,” साहेब म्हणाले.

गाडी चिखलातून निघाली, पण चालू झाली नाही. नामदेवने आम्हाला बंडीत बसवून घाटावर नेलं. लोक उठायच्या बेतात होते. साहेबांनी गुडघाभर चिखलाच्या पायांनी उभं राहून आपली दोन वाक्यं म्हटली. परतताना बंडीत, पाय बाहेर सोडून बसलेले असताना, ते अचानक म्हणाले, “वाचनालय, माह्या वक्ताले तुमी बोलजा.”

“मी? मी चार माणसांत बोललेलो नाही, साहेब.”

“म्हणूनच. ज्याले सवय हाये तो दीपस्तंभ म्हणते. दोन वाक्यं. पहिले कवडी, मंग धागा. अन् खोटं बोलले तं उठून बसन मी, सांगून ठेवतो.”

“कवडी काय सांगू?”

“ते माह्या जिवंतपणी मलेच विचारून राह्यले काय? हात घाला अन् काढा.”

नामदेव पुढून हसत हसत बैलांना म्हणाला, “ऐकलं का रे?”

सेवाग्रामच्या दवाखान्यात साहेबांना पोटाच्या दुखण्यासाठी ठेवलं होतं. दिवसा मी थांबत असे, म्हणजे काकूंना घरी जाऊन यायला मिळे. एका दुपारी त्यांना सोनोग्राफीला पाठवलं. मी औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर खाट रिकामी. सोनोग्राफीवाले म्हणाले, बाबा मघाच गेले.

मी सगळे मजले शोधले. ते डोळ्यांच्या विभागात सापडले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत, बाकावर ताठ बसले होते. हाताला सलाइनची सुई, मांडीवर फाइल.

“इथे काय करताय?”

“बसलो. जागा रिकामी व्हती.”

शेजारचा पट्टीवाला म्हातारा म्हणाला, “सिस्टरबाईनं दोनदा विचारलं यायले, कुठी जाचं हाये बाबा? तं म्हणते, कुठी नाई.”

मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही, बाकाला धरून स्वतःच उठले. थोडा वेळ उभे राहिले. बोळ दोन्ही बाजूंना सारखाच लांब होता. भिंतींवर बाण होते, पाट्या होत्या, माणसं येत जात होती. आणि साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले,

“वाचनालय, आपला वार्ड कोणत्या बाजूनं हाये?”

मला आधी कळलंच नाही की त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं. सरळ, मग डावीकडे, मग जिना. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुमाले कापूस नाई,” ते म्हणाले.

“नाही, साहेब.”

त्यांनी मान हलवली, सरळ चालत गेले आणि उजवीकडे वळले.

मी त्यांना बोलताचालताना पाहिलं ते तेव्हा शेवटचं. संध्याकाळी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, त्यानंतर ते कोणाशी बोलले नाहीत.

सोमवारी घाटावर जाईपर्यंत मी दिवसभर मनात पहिलं वाक्य घडवत होतो. यांनी जन्मात कोणाला रस्ता विचारला नाही. चांगलं वाक्य होतं, डौलदार होतं. पण ते खोटं होतं. वरून पांढरं होतं, तळात हात घातला की दवाखान्याचा बोळ लागत होता. मी ते टाकून दिलं.

प्राध्यापक आले होते. त्यांनी ग्रेडरसाहेबांना आधारवड म्हटलं. त्यांनी त्यांना अजातशत्रू म्हटलं, ज्या माणसाला निम्म्या तालुक्याने शिव्या दिल्या होत्या त्याला. समाजाला दिशा देणारा दीपस्तंभ ते म्हणाले, तेव्हा मागून कोणीतरी फसकन हसलं आणि खोकला आल्यासारखं केलं. मी चितेकडे पाहिलं. काही हललं नाही. साहेब उठून बसतील, आपला शब्द पाळतील, अशी मला वेडी आशा होती.

मग मी उठलो. माझा आवाज नको इतका बारीक निघाला.

“यांना रस्ता कळत नव्हता,” मी म्हणालो, “आणि तो विचारण्यात कमीपणा वाटावा इतकी घमेंड होती, म्हणून जन्मात एकदाच विचारला, आणि तेव्हाही उलटेच वळले.”

मला वाटलं, आता बसावं.

“जोरानं बोला जी,” मागून नामदेव म्हणाला. “धागा राह्यला.”

“पण तुमच्या घरी जेव्हा जेव्हा मयत झाली,” मी म्हणालो, “तेव्हा हा माणूस चुकत, चिखलातून, नदीच्या पलीकडून का होईना आला, आणि खोटं बोलून गेला नाही.”

मी बसलो. दोन मिनिटांचं मौन त्या दिवशी पुरं झालं. निदान कोणी चपला शोधल्या नाहीत.

बाहेर पडताना प्राध्यापकांनी मला गाठलं. “तुम्ही शिकलेली माणसं,” ते म्हणाले, “मृताबद्दल असं बोलू नये.” मग त्यांनी फोन काढला. त्याच रात्री सेलूला आणखी एक शोकसभा होती आणि तिथल्या घाटाचा रस्ता त्यांना माहीत नव्हता. फोनमधली बाई त्यांना हिंदीत काहीतरी सांगू लागली. ते तिला उत्तर देत नव्हते. ती त्यांची पाव्हणी नव्हती, नोकर होती.

तेराव्यानंतर काकूंनी यंत्र मला दिलं. “तुमच्याच मांडीवर असे,” त्या म्हणाल्या. “मी तं घरातच असतो, मले कोण रस्ता सांगते.” माझ्याकडे गाडी नाही. यंत्र वाचनालयात, साहेबांनी परत आणून न दिलेल्या एका पुस्तकाच्या रिकाम्या जागी उभं आहे.

शोकसभेत मला त्यानंतर कोणी बोलायला सांगितलेलं नाही. गावात मयत झाली की मी जातो आणि मागे बसतो. दोन वाक्यं तयार करतो, पहिले कवडी, मग धागा, आणि ती घेऊन घरी येतो.